आणतानाच निरोपाचा हिशोब

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की शहर मागं पडतं न पडतं तोच कुंभारी येतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झालं ते घरांमुळं. बिडी वळणाऱ्या बायकांसाठी इथं दहा हजार घरं उभी राहिली. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी त्यासाठी लढा दिला, वसाहतीला नाव मिळालं कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचं आणि १ सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं कामगारांच्या ताब्यात आली. पुढं याच गावात असंघटित कामगारांसाठी रे नगरची ३० हजार घरांची योजना आली. तिच्यातली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली.

कुत्र्यावरच्या प्रकरणात घरांची गोष्ट कशाला, असं वाटेल. पण भाड्याच्या खोलीत कुत्रं पाळायचं तर घरमालकाच्या कपाळावर आठी असते. उंबरा स्वतःचा झाला की पोरं हट्ट धरतात, ‘आपण पिल्लू आणू या.’

अशा वसाहतीतलं एक घर डोळ्यांपुढं आणू. घर कल्पनेतलं आहे, सामान मात्र खरं. दाराशी उजेडात बाई बसली आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, कात्री आणि दोऱ्याचं रीळ. घरात तेलुगू बोललं जातं, शाळेत मराठी, बाजारात थोडी कन्नड. नवरा कामावर, पोरगी चौथीत. एके दिवशी ती दप्तराशेजारी ओढणीत गुंडाळून काहीतरी घेऊन येते आणि ते कुंई कुंई करतं.

या क्षणाला एक निर्णय होतो, पण तो घेतला असं कुणालाच वाटत नाही. बारा-चौदा वर्षांनी तेच जनावर याच दाराशी शेवटचे श्वास घेतं, तेव्हा घरातला प्रत्येक जण मनात एकच प्रश्न घोळवतो, ‘आपलं काही चुकलं का?’ कुत्रं गेल्याचं दुःख कुणाला टळत नाही. पश्चात्ताप मात्र टाळता येतो, आणि त्याची तयारी पिल्लू उंबऱ्याच्या आत यायच्या आधी करावी लागते.

वयाची बेरीज

पहिला हिशोब आयुष्याचा. नीट सांभाळलेलं गावठी कुत्रं बारा ते पंधरा वर्षं जगतं. लॅब्राडोर साधारण दहा ते बारा. ग्रेट डेनसारखा धिप्पाड कुत्रा आठ-दहा वर्षांत म्हातारा होऊन जातो. एरवी प्राण्यांच्या जगात हत्ती उंदराहून जास्त जगतो. कुत्र्यांत उलटं आहे. मोठ्या जातीचं कुत्रं झपाट्यानं वाढतं आणि झपाट्यानं थकतं. रुबाबदार कुत्रं हवं असणाऱ्यानं निरोपही लवकर द्यावा लागेल हे धरूनच चालावं.

आता घरातल्या माणसांची वयं त्यात मिळवा. चौथीतली पोरगी कुत्रं म्हातारं होईल तेव्हा बावीस वर्षांची असेल. ती नोकरीला किंवा सासरी गेलेली असेल. आज साठीची असलेली आजी पंच्याहत्तरीला टेकलेली असेल. म्हणजे ‘माझं पिल्लू’ म्हणून हट्ट धरणारी व्यक्ती शेवटच्या आजारपणात घरात नसणार, आणि ज्यांनी हट्ट धरला नव्हता त्यांनाच ते निस्तरावं लागणार. म्हणून घरात विचारायचं ते ‘कुणाला हवंय?’ असं नव्हे. विचारायचं, ‘शेवटपर्यंत कोण करणार?’

दुसरा हिशोब वेळेचा. कुत्र्याला एकटेपण सोसत नाही. नवरा-बायको दोघं नोकरीला, पोरं शिकवणीला आणि कुत्रं आठ तास कुलपात, अशा बंगल्यापेक्षा बिडी वळणाऱ्या बाईचं लहान घर त्याला परवडतं. तिथं दिवसभर माणूस असतं. सूप मांडीवर आणि कुत्रं पायाशी. त्याला आणखी काही नको असतं.

सोलापूरच्या उन्हातलं कुत्रं

कुत्र्याच्या जाती माणसानं कामासाठी घडवल्या. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांना गार पाण्यात उडी घेणारा मदतनीस हवा होता, त्यातून लॅब्राडोर आला. सायबेरियात बर्फावरून गाडी ओढायला हस्की लागला. त्यांच्या अंगावरची लोकर त्या हवेसाठी आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्या वाफेतून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याची श्वासाची वाटच अरुंद असते, त्यामुळं त्याला तेही धड जमत नाही. पत्र्याखाली किंवा स्लॅबच्या खोलीत दुपारी दोन वाजता असा कुत्रा उष्माघातानं जाऊ शकतो. पंख्याखाली जेमतेम तगणारा हस्की पाहून ‘किती गोंडस’ म्हणणाऱ्यानं मे महिन्यात भर उन्हात गोधडी पांघरून उभं राहून पाहावं.

मग इथलं कुत्रं कोणतं? या पट्ट्याची स्वतःची जात आहे. लातूर-सोलापूरपासून विजापूर-बागलकोटपर्यंतच्या माळरानावर लांब तोंडाचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा, वाऱ्यासारखा पळणारा कारवानी पाळला जातो. केसाळ असेल तर त्यालाच पश्मी म्हणतात. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळमध्ये तो मुधोळ हाउंड झाला. तिथले संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही जात सांभाळली आणि तिची जोडी इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला भेट दिली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यातलं एक मुधोळचं होतं. पुढं सैन्यानंही या जातीचे कुत्रे प्रशिक्षणाला नेले.

ऊन सोसायला कारवानी पक्का आहे, पण त्याला पळायला रान लागतं. परक्याचा संशय घेणं त्याच्या रक्तात आहे. भिंतीला भिंत लागलेल्या वसाहतीत, दारावरून दिवसाला शंभर माणसं जात असताना साखळीला बांधलेला कारवानी चिडचिडा होतो. शेत असलेल्याचं ते कुत्रं. तेही राखणीपुरतं, कारण सशामागं सोडायचे दिवस संपले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार गुन्हा ठरवली आहे.

राहिलं गावठी. दारोदार फिरणारं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं. मध्यम अंग, आखूड केस, उभे कान, अशी त्याची घडण शतकानुशतकं या हवेनंच केली. आनुवंशिक दुखणी त्याला कमी. ओढणीतून आलेलं ते पिल्लू बहुधा हेच असतं आणि बहुतेक घरांसाठी तीच उत्तम निवड आहे.

मादी असेल तर मात्र घरात कुरकुर सुरू होते. ‘मादी नको, दर वर्षी पिल्लं घालील.’ म्हणून नर उचलले जातात आणि माद्या उकिरड्यावर उरतात. यावर उपाय एका शस्त्रक्रियेचा आहे. पहिल्या माजाआधी मादीची नसबंदी केली तर पिल्लांचा प्रश्न मिटतो आणि पुढं स्तनांत गाठी होण्याचा धोकाही खूप कमी होतो. अशी मादी घराला चिकटून राहते, हुंदडत लांब जात नाही.

पिल्लू निवडताना

पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नये. २०१७ सालच्या श्वान प्रजनन व विक्रीच्या नियमांतही त्याआधी विक्रीला मनाई आहे. आई आणि भावंडांच्या सोबतीत ते चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू हे शिक्षण तुमच्या बोटांवर पुरं करतं.

शक्य असेल तर आई पाहा. ती भेदरट असेल तर पिल्लं तशी निघण्याचा संभव असतो. पिल्लाच्या हिरड्या गुलाबी हव्यात, डोळे-नाक स्वच्छ हवं. अंग वाळलेलं आणि पोट नगाऱ्यासारखं असेल तर जंत समजावेत. सगळ्यांवर धावून जाणारं नको, कोपऱ्यात थरथरणारं नको. हाक मारल्यावर थबकून बघतं आणि मग येतं, ते घ्यावं. तीन ते चौदा आठवडे हा त्याच्या स्वभावाचा साचा घडण्याचा काळ. या दिवसांत म्हातारी माणसं, रांगती पोरं, फटफटीचा आवाज, मिक्सरची घरघर हे सगळं त्याला प्रेमानं दाखवून घ्यावं.

सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लसी सुरू करायच्या, तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस आणि मग डॉक्टर सांगतील तसा दर वर्षी डोस. पार्व्हो झालेलं पिल्लू रक्ताच्या जुलाबांनी दोन-तीन दिवसांतही दगावतं. न दिलेल्या लसीची आठवण माणसाला वर्षानुवर्षं टोचत राहते. रेबीजबाबत तर चुकीला जागाच नाही, कारण लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. कुत्रं चावलं तर जखमेवर चुना, हळद, मिरची काही भरायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

बिडीच्या घरासाठी एक इशारा वेगळा. तंबाखूतलं निकोटीन कुत्र्याला विष आहे. पिल्लाला सगळं चावून पाहायचं असतं आणि सूप जमिनीलगतच असतं. तंबाखू पोटात गेली तर थोड्याच वेळात लाळ गळते, उलट्या होतात, अंग थरथरतं, पुढं झटके येऊन श्वास थांबू शकतो. घरगुती उपाय करत बसू नये, तडक जनावरांचा दवाखाना गाठावा. जेवायला उठताना सूप फळीवर ठेवायचं, एवढी सवय पिल्लाच्या आधी घरात आली पाहिजे. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट हेही त्याला बाधतं.

भाकरी मात्र चालते. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. माणूस शेती करू लागला आणि कुत्रंही त्याच्या ताटातलं पचवायला शिकलं. मालदांडीची भाकरी त्याला मानवते, पण नुसत्या भाकरी-दुधावर त्याचं भागत नाही. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. सोबत अंडं किंवा शिजवलेलं मांस हवं. शिजलेली हाडं नकोत, त्यांच्या काड्या आतड्यात घुसतात.

मावळतीला

दहा वर्षं होतात. तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात, डोळ्यांवर सारा येतो, पायरी चढताना मागचा पाय घसरतो. हा काळ घाईघाईनं डोळ्यांआड करण्याचा नाही. सांधेदुखीला औषध आहे, घसरत्या फरशीवर पोतं टाकता येतं, पाण्याचं भांडं जवळ सरकवता येतं.

मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, आता सुधारणा नाही. अशा वेळी रोज स्वतःला विचारावं. खातो का? आपल्या पायानं उठतो का? वेदना औषधानं आटोक्यात आहेत का? आपण दारातून आत आलो की शेपटी हलते का? वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त होऊ लागले, की दयामरणाचा विचार करणं हा विश्वासघात ठरत नाही. डॉक्टर भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस देतात. कुत्रं आधी बेशुद्ध होतं, मग श्वास थांबतो. जमत असेल तर त्या वेळी जवळ बसावं. ओळखीचा हात आणि ओळखीचा वास, एवढंच त्याला शेवटी कळतं.

‘कुत्रंच होतं की’

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा सूप घेऊन बसते. पाय लांब करताना सवयीनं आखडते, कारण तिथं तो झोपलेला असायचा. भाकरीचा पहिला तुकडा मोडून हात दाराकडं जातो आणि अर्ध्यात थांबतो. शेजारीण विचारते, ‘डोळे का सुजले?’ आणि उत्तर ऐकून म्हणते, ‘कुत्रंच होतं की. दुसरं आण.’

शेजारीण दुष्ट नाही, ती आपली भाषा बोलते. मराठीत वाईटात वाईट शाप ‘कुत्र्याच्या मौतीनं मरशील’ असा आहे. कुणाच्या दैन्याची परिसीमा सांगायची तर ‘त्याचे हाल कुत्रा खात नाही.’ बैलाला पोळा आहे, आपल्या सीमाभागात कारहुणवी आहे. गाईला वसुबारस, नागाला पंचमी. कुत्र्याच्या वाट्याला पितृपक्षातला घास येतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, कुंभारीवरून जाणारा रस्ता पोचतो ते अक्कलकोट तर दत्तभक्तांचंच गाव, तरी घरातलं कुत्रं गेल्यावर रडायला आपल्याकडं रीत नाही. सुतक नाही, दिवस नाहीत, भेटायला कुणी येत नाही.

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा शोकाला नाव दिलं. ज्याला समाज मान्यता देत नाही, ज्यासाठी रजा, विधी, सांत्वन काहीच मिळत नाही, असा शोक. आपण त्याला हक्क नाकारलेलं दुःख म्हणू. ते लपवावं लागतं म्हणून लांबतं.

आपल्याआधीच्या माणसांनी ते लपवलं नव्हतं. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची कबर सापडली. तिच्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एक पिल्लू होतं. २०१८ साली त्याच्या दातांचा पुन्हा अभ्यास झाला तेव्हा कळलं, की साधारण पाच महिन्यांचं असताना त्याला डिस्टेंपर झाला होता आणि त्यानंतरही ते काही आठवडे जगलं. कुणीतरी त्याला भरवल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय आणि पुसून स्वच्छ ठेवल्याशिवाय हे शक्य नव्हतं. ते शिकारीच्या कामाचं नव्हतं, तरी जपलं गेलं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहून गेला आहे, की इजिप्तमध्ये घरातलं कुत्रं मेलं की माणसं डोक्यासकट सगळं अंग भादरून घेत.

आणि आपल्याच मुलखाच्या जवळचा दाखला कर्नाटकातल्या आतकूरचा आहे. साल सुमारे ९४९. मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचा राजा तिसरा कृष्ण याचा तो काळ, म्हणजे सोलापूरचा हा भागही ज्यांच्या सत्तेखाली होता त्यांचा. युद्धात पराक्रम केलेल्या मनलेर नावाच्या वीरानं आपल्या स्वामीकडं बक्षीस म्हणून काळी नावाचं कुत्रं मागितलं. पुढं एका दांडग्या रानडुकराशी झुंजताना काळी आणि डुक्कर दोघंही मेले. मनलेरनं वीराला घालावा तसा वीरगळ तिच्यासाठी घातला, त्यावर झुंज कोरली, जमीन दिली आणि दगडाची पूजा केल्याशिवाय पुजाऱ्यानं जेवू नये असं बजावलं. युद्ध जिंकलेल्या माणसाला कुत्र्यासाठी दगड घालताना लाज वाटली नाही.

घरातले इतर

पोरांना खरं सांगावं. ‘तो पळून गेला’ म्हटलं तर पोर रोज दारात वाट पाहतं आणि ‘आपल्यावर रुसून गेला’ असं मनाशी धरतं. ‘झोपला’ म्हटलं तर झोपेचीच भीती बसते. ‘तो मेला, आता परत येणार नाही, आणि यात तुझी काही चूक नाही’, ही तीन वाक्यं पुरतात. पाच वर्षांखालचं पोर पुन्हा पुन्हा तेच विचारील. दर वेळी तेच उत्तर द्यावं.

घरात दुसरं कुत्रं असेल तर तेही बदलतं. २०२२ साली इटलीत ४२६ मालकांना विचारलं तेव्हा ८६ टक्क्यांनी सांगितलं, की सोबती गेल्यावर मागं राहिलेल्याचं वागणं बदललं. खाणं कमी, खेळणं कमी, झोप जास्त. त्याचा फिरायचा आणि जेवायचा वेळ बदलू नये.

पुरायचं तर विहीर आणि बोअरपासून लांब, किमान तीन फूट खोल. दयामरणाचं औषध शरीरात राहतं. वरवर पुरलेलं दुसऱ्या कुत्र्यानं उकरलं तर त्यालाही विषबाधा होते. वसाहतीत स्वतःची जमीन नसते, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून बांधाच्या कडेची जागा आधीच ठरवून ठेवावी. शेवटच्या रात्री जागा शोधत फिरायची वेळ येऊ नये.

नवीन पिल्लू कधी आणावं, याला ठरलेली मुदत नाही. गेलेल्याचं नाव नव्याला द्यावंसं वाटतंय तोवर थांबावं. नव्याचा वेगळा खोडकरपणा पाहून हसू येईल असं वाटू लागलं, की आणावं.

आणि तेव्हा हा हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडावा: वर्षं किती, घरात कोण, ऊन किती, लस कधी, शेवटपर्यंत कोण करणार. ही उत्तरं हातात नसतील तर पोरीच्या ओढणीतलं पिल्लू त्याच दिवशी, त्याच गल्लीत, त्याच्या आईजवळ नेऊन ठेवावं. ते आठ आठवड्यांचं होईपर्यंत ती त्याला सांभाळील. तेवढ्यात घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा बसून ठरवावं.